एक ट्रॉली, साडेचार मोटारी

अर्धा, एक, दीड, तीन, साडेचार आणि आठ. रस्त्याच्या कडेला बसून वाहने मोजणारा दिवसभर ज्या रेघा मारतो, त्यांना शेवटी याच आकड्यांनी गुणले जाते. दुचाकी 0.5, मोटार किंवा ऑटोरिक्षा 1, नुसता ट्रॅक्टर किंवा छोटे मालवाहू वाहन 1.5, ट्रक वा बस 3, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर 4.5 आणि बैलगाडी 8. सायकल, सायकलरिक्षा, हातगाडी यांचेही ठरलेले गुणक आहेत. हे सगळे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 64 या 1990 च्या मार्गदर्शिकेतले, गावाबाहेरच्या रस्त्यांसाठीचे. त्यातून निघणाऱ्या एककाला पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट, म्हणतात. वाहन रस्त्यावर किती मोटारींएवढी जागा अडवते, याचा तो हिशेब.

बैलगाडीला आठ मोटारींचे वजन का, असा प्रश्न पडेल. बैलगाडी रुंदीने मोठी नसते, पण तिच्या चालीने मागचे सगळे अडकतात. तक्ता लांबी-रुंदी बघतो त्याहून जास्त हा अडथळा बघतो.

याच मार्गदर्शिकेत रस्त्याची क्षमताही आकड्यात बांधली आहे. सपाट प्रदेशात, फार वळणे नसलेल्या रस्त्यासाठी एकपदरी म्हणजे 3.75 मीटर रुंदीला दिवसाला 2,000 पीसीयू, साडेपाच मीटरच्या मधल्या रुंदीला 6,000, आणि सात मीटरच्या दुपदरीला 15,000. एखाद्या टोल्याकडे जाणाऱ्या एकपदरी रस्त्यावर दिवसात 250 बैलगाड्या फिरल्या, तर कागदावर तो रस्ता भरला. एकही मोटार न येता.

गोंदियात हा तक्ता फार महत्त्वाचा ठरतो, कारण जिल्हा धानाचा आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा, 2011 च्या जनगणनेत 13,22,507 लोकसंख्येचा हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांना लागून आहे. इथल्या रस्त्यावर वर्षभर दुचाकी, काळीपिवळी, एसटी आणि ट्रक दिसतात, पण धान निघाले की रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉलीचा होतो. शेतातून खळ्यावर, तिथून आधारभूत खरेदी केंद्रावर, केंद्रावरून भरडाईसाठी राईस मिलला. एकच धान तीनदा रस्त्यावर येते.

राईस मिलच्या पट्ट्यातल्या एखाद्या दुपदरी रस्त्यावरचा हंगामातला एक तास घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. 120 दुचाकी, 40 मोटारी, 10 छोटी मालवाहू, 8 बस, 30 ट्रक आणि 12 ट्रॅक्टर-ट्रॉली. एकूण वाहने 220. पीसीयूत हेच 60, 40, 15, 24, 90 आणि 54, म्हणजे 283. ट्रॉल्या वाहनांच्या संख्येत साडेपाच टक्के, पण रस्त्यावरच्या भारात 19 टक्के. मोजणाऱ्याने चुकून त्यांची रेघ नुसत्या ट्रॅक्टरच्या रकान्यात मारली, तर 54 चे 18 होतात. वाहनांची बेरीज तीच राहते, त्यामुळे तपासणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दिवसाला अशा 150 ट्रॉल्यांचा रकाना चुकला, तर 450 पीसीयू कमी लागले. रस्ता मात्र आजच्यासाठी बांधत नाहीत. पुढच्या पंधरा-वीस वर्षांची वाढ धरतात, आणि ती सहसा वर्षाला पाच टक्क्यांहून कमी धरत नाहीत. पाच टक्क्यांनी पंधरा वर्षांत कोणताही आकडा 2.08 पट होतो. आज सुटलेले 450 तेव्हा 935 असतात.

मोजणीला बसणारा माणूस कोण असतो? आयआरसी 9 ही 1972 ची मार्गदर्शिका सांगते की तो साक्षर असावा, शक्यतो मिडल किंवा मॅट्रिकपर्यंत शिकलेला. दिवसाच्या आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या: सकाळी 6 ते दुपारी 2, 2 ते रात्री 10, 10 ते पहाटे 6. हातात तासातासाचा तक्ता. प्रत्येक वाहनाला एक उभी रेघ, पाचव्याला आडवी, म्हणजे पाचाची जुडी. रस्त्याच्या दोन्ही दिशा वेगळ्या मोजायच्या. कोहमाऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे राष्ट्रीय महामार्ग 53 ला गोंदियाचा रस्ता मिळतो, पानठेल्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर असा माणूस पॅड मांडीवर घेऊन बसलेला दिसला, तर तो हेच करत असतो. पहिल्या पाळीत रेघा नीट येतात. तिसऱ्या पाळीत माणूस पेंगतो. हे मार्गदर्शिकेत लिहिलेले नाही, पण रात्रीचे तक्ते वाचले की कळते.

आता या कामात कॅमेरा आला आहे. खांबावर कॅमेरा लावून नंतर चित्रफीत पाहून मोजतात, किंवा संगणकाकडून वर्गवारी करून घेतात. कधी रस्त्यावर आडव्या दोन काळ्या रबरी नळ्या ठोकलेल्या दिसतात. चाक नळीवरून गेले की हवेचा दाब पलीकडच्या पेटीत नोंदला जातो, आणि दोन नळ्यांमधल्या वेळेवरून वेग आणि आसांचे अंतर कळते. नळ्या कोणी कापून नेल्या, तर त्या ठिकाणची मोजणी गेली. यंत्र आले तरी वर्गवारीचा प्रश्न उरतोच. 1990 च्या तक्त्यात ई-रिक्षा नाही, धान कापणारा हार्वेस्टरही नाही. अरुंद रस्त्यावर हार्वेस्टर समोरून आला की काय होते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तक्त्यात तो कुठे घालायचा, हे मोजणाऱ्यावर सोडलेले असते. 2017 मध्ये दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची नवी संहिता काढली, पण अनेक कार्यालयांत हिशेब अजून जुन्याच तक्त्याने होतो.

आता महिन्याचा प्रश्न, आणि माझ्या मते गोंदियापुरता हाच सगळ्यांत मोठा. आयआरसी 9 म्हणते, वर्षातून किमान दोनदा मोजा: एकदा कापणी आणि बाजाराच्या ऐन हंगामात, एकदा मंदीच्या काळात. दर वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. जत्रा, यात्रा, प्रदर्शन असेल तर वर्दळ नेहमीसारखी होईपर्यंत मोजणी पुढे ढकला. म्हणजे माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला गोंड समाजाची जी गर्दी लोटते, किंवा महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगावच्या प्रतापगडला जी यात्रा भरते, ती मोजायची नाही. हा नियम योग्यच आहे. चार दिवसांच्या यात्रेसाठी चौपदरी कोणी मागू नये.

पण धानाचा हंगाम म्हणजे यात्रा नव्हे. खरिपाचे धान ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून निघते आणि त्याची ने-आण पुढे कित्येक आठवडे चालते. जिथे कालव्याचे वा बोअरचे पाणी आहे, तिथे उन्हाळी धान मे महिन्यात पुन्हा रस्त्यावर येते. प्रकल्प अहवालासाठी मोजणी सहसा एकदाच होते, ज्या महिन्यात काम मिळाले त्या महिन्यात. मग हंगामाचा फरक भरून काढायला पेट्रोल पंपांवरची महिन्यामहिन्याची विक्री पाहून दुरुस्तीचा गुणक काढतात. इतरत्र हे ठीक असेल. सीमेवरच्या जिल्ह्यात मात्र पंपाची विक्री रस्त्यावरच्या वर्दळीइतकीच दोन राज्यांतल्या दराच्या फरकावर चालते. ज्याला पलीकडे जायचेच आहे, तो स्वस्त बाजूलाच टाकी भरतो. अशा विक्रीवरून काढलेला गुणक मला तरी भरवशाचा वाटत नाही.

गावच्या रस्त्यांसाठी याहून चांगली सोय आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेसारख्या कमी वर्दळीच्या रस्त्यांसाठी असलेली आयआरसी एसपी 72 ही मार्गदर्शिका हंगाम थेट सूत्रात घेते. मंदीतली रोजची मालवाहू वाहने, अधिक 1.2 गुणिले हंगामात वाढलेली वाहने गुणिले हंगामाचे दिवस, भागिले 365. हंगाम साधारण 75 दिवसांचा धरतात. वर्षात दोन हंगाम, आणि प्रत्येकात वर्दळ हळूहळू चढून हळूहळू उतरते, हे गृहीत धरून 1.2 आला आहे.

समजा गावच्या रस्त्यावर मंदीत दिवसाला 40 मालवाहू वाहने आहेत आणि ऐन हंगामात 120. वाढ 80 ची. 1.2 गुणिले 80 गुणिले 75 म्हणजे 7,200. त्याला 365 ने भागले की 19.7. वर्षाची सरासरी आली 60 च्या आसपास. फक्त फेब्रुवारीत मोजून सोडले असते तर 40 लागले असते, म्हणजे रस्ता एक तृतीयांश कमी भाराचा धरला गेला असता. फक्त नोव्हेंबरातल्या गर्दीत मोजले असते तर 120, म्हणजे दुप्पट. कंत्राटदाराला दुसरी चूक आवडेल, तिजोरीला पहिली. आणि ज्या गावात उन्हाळी धान होतच नाही, तिथे याच तर्काने हंगामाचा वाटा निम्मा होऊन सरासरी 50 वर येते. आपल्या गावात एक पीक धरले की दोन, हे अहवालात पाहण्यासारखे आहे.

मोजणी दोन प्रकारची असते. एकीत तुम्हाला कोणी थांबवत नाही. दुसरीत थांबवतात, आणि लोकांना शंका येते ती तिथेच. तिला उगम-गंतव्य सर्वेक्षण म्हणतात: कुठून निघालात, कुठे चाललात, कशासाठी, गाडीत किती माणसे वा कोणता माल, हा प्रवास किती वेळा करता. काही वाहने निवडून थांबवतात, सगळी नाही. शहराला बाह्यवळण हवे का, हे याच उत्तरांवर ठरते. पुन्हा एक धरलेले उदाहरण. एका बाजूने गोंदिया शहरात दिवसाला 5,000 वाहने येतात. त्यात 3,000 दुचाकी, 1,100 मोटारी-ऑटो, 900 ट्रक-बस. यातली फक्त 700 शहरात न थांबता पलीकडे जाणारी, पैकी 600 ट्रक आणि 100 मोटारी. वाहनांच्या हिशेबात 14 टक्के. मग बाह्यवळण कशाला, असे म्हणता येईल. पीसीयूत मोजले तर एकूण 5,300 पैकी 1,900, म्हणजे 36 टक्के. एकाच सर्वेक्षणातून दोन्ही बाजूंचे वकील आपापला आकडा उचलू शकतात.

थांबवण्याचा अधिकार प्रश्न विचारणाऱ्याचा नसतो, गणवेशातल्या पोलिसाचा असतो. पोलिसाने हात केला की थांबायचेच. मात्र लायसन आणि गाडीची कागदपत्रे मागण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 नुसार गणवेशातल्या पोलिसाला आणि मोटार वाहन विभागाच्या अधिकाऱ्याला आहे, तक्ता घेऊन उभ्या असलेल्या मुलाला नाही. तो चलान करू शकत नाही, पैसे घेऊ शकत नाही. नाव, मोबाइल क्रमांक, आधार यांची या हिशेबात गरजच नसते, कारण गाडी कुठून कुठे गेली एवढेच त्यात लागते. कोणी ते मागितले तर का हवे, हे विचारावे आणि ओळखपत्र पाहावे. बाकी प्रश्नांची उत्तरे खरी द्यावीत, त्यात नुकसान काही नाही. धान घेऊन चाललेल्या शेतकऱ्याने घाबरून 'रिकामाच आहे' म्हटले, तर त्याच्याच रस्त्याचा भार कमी लागतो.

ट्रकांच्या बाबतीत असे होतेच. आसभार सर्वेक्षणात चाकाखाली वजनाची पाटी ठेवून एकेका आसावरचा भार मोजतात. दिवसाला 3,000 हून कमी मालवाहू वाहने असतील तर त्यातली 20 टक्के तोलायची असतात. प्रमाण आस 8.16 टनांचा. रस्त्याचे नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढते असे मानतात, म्हणजे भार सव्वा पट झाला की नुकसान 2.44 पट. योगायोगाने आपली जुनी कायदेशीर मर्यादा, चार चाकांच्या एका आसाला 10.2 टन, ही 8.16 च्या बरोबर सव्वा पट होती. जुलै 2018 मध्ये केंद्राने ती 11.5 टन केली. तोच हिशेब केला तर नुकसान 3.95 पट. भार पावणेतेरा टक्क्यांनी वाढला, रस्त्याची झीज साठ टक्क्यांहून जास्त. तीही कायद्यात बसणाऱ्या ट्रकची. जास्त भरलेले ट्रक सर्वेक्षण संपेपर्यंत ढाब्यावर थांबतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तोलणी एकाच दिवसाची आणि एकाच जागी असेल, तर निघणारा आकडा कमीत कमी भाराचा समजावा.

टोलनाक्याचे आकडे आयते मिळतात, मग मोजणी कशाला, असेही कोणी म्हणेल. फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा झाला, नोंद वाहनागणिक आहे. पण राष्ट्रीय महामार्गाच्या पथकर नियमांत दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि बैलगाडीला सर्वसाधारणपणे टोल नाही. गोंदियाच्या रस्त्याचा जो भाग सर्वाधिक गोंदियाचा, तोच या नोंदीत गायब.

रेल्वे फाटकावर हिशेब बदलतो. गोंदिया जंक्शन हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहे, शिवाय बालाघाट आणि बल्लारशाच्या बाजूला मार्ग फुटतात, त्यामुळे फाटके ठिकठिकाणी. रेल्वे दर तीन वर्षांनी फाटकावरची वर्दळ मोजते आणि रोजच्या गाड्यांना रोजच्या वाहन-एककांनी गुणते. याला टीव्हीयू म्हणतात. रेल्वे आणि राज्याने खर्च निम्मा-निम्मा उचलून उड्डाणपूल बांधायचा, तर हा गुणाकार एक लाखावर जावा लागतो. मुख्य मार्गावर दिवसाला 100 गाड्या धरल्या तर 1,000 वाहन-एकके पुरतात. 25 गाड्यांच्या शाखा मार्गावर 4,000 लागतात. तिथे चार पट माणसे ताटकळली तरी पूल तेवढाच दूर. आणि गंमत अशी, की रस्त्याच्या तक्त्यात 8 असलेली बैलगाडी रेल्वेच्या तक्त्यात 1 आहे, ऑटोरिक्षा अर्धी.

हाताने भरलेल्या वर्दळीच्या तक्त्यात वेग नसतो, माणसेही नसतात. 29 नोव्हेंबर 2024 रोजी गोंदिया-कोहमारा रस्त्यावर सडक अर्जुनी तालुक्यात शिवशाही बस उलटून 11 प्रवासी गेले. वर्दळीच्या तक्त्यात ती बस म्हणजे 3 पीसीयू, भरलेली असो की रिकामी. राष्ट्रीय महामार्गावरच्या अपघातप्रवण जागेची व्याख्या वेगळी आहे: सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा एकूण 10 मृत्यू. दुसरी अट आकड्याने पाहता त्या एकाच अपघाताने ओलांडली. वेग मोजायचा तर त्याचे सर्वेक्षण वेगळे मागावे लागते. याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट 2023 मध्ये मोटारीच्या धडकेने वाघ दगावला. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या दोन भागांमध्ये ये-जा करताना प्राण्यांना रस्ता ओलांडावा लागतो, आणि त्यांच्यासाठी महत्त्वाची असते ती तिसरी पाळी, जिची नोंद सगळ्यांत ढिसाळ. दिवसाची वर्दळ पाहून 'वाहतूक कमी आहे' म्हणणाऱ्या अहवालातून वाघाचे काहीच कळत नाही.

हे तक्ते गुप्त नाहीत. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, पानाला 2 रुपये, 30 दिवसांत उत्तर. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात, गावचा रस्ता असेल तर जिल्हा परिषदेत. अर्जात 'वाहतूक सर्वेक्षण अहवाल' एवढेच लिहिले तर सारांशाचे एक पान हाती येते. मागायचे ते तासवार, दिशावार, वाहनप्रकारानुसार मूळ तक्ते, मोजणीच्या जागेची साखळी म्हणजे किलोमीटर, तारखा आणि हंगामी दुरुस्तीचा गुणक कसा काढला त्याचे पान. मिळाल्यावर आधी तारीख पाहावी, मग ट्रॅक्टर-ट्रॉलीचा रकाना, मग रात्री 1 ते 4. त्या तीन तासांत सातही रात्री तोच आकडा उतरलेला असेल, तर दुसरा अर्ज चित्रफितीसाठी करावा.